ठिणगीची वेळ: जुन्या गाडीचं टायमिंग समजून घेताना

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली. 1974 पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असं समीकरण झालं. त्या जातीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या टॅक्सींमध्ये पद्मिनी उरली नाही. आज ज्या पद्मिनी, ॲम्बॅसॅडर आणि त्यांच्याहून जुन्या मॉरिस चालत्या आहेत, त्या हौसेने सांभाळणाऱ्यांच्या दारात उभ्या आहेत.

ही हौसमौज बहुतेकदा रंग, क्रोम आणि सीट कव्हरपासून सुरू होते. गाडी मात्र चढाला दम टाकते, उन्हाळ्यात तापते, ॲव्हरेज देत नाही. मग दोष कार्ब्युरेटरवर येतो आणि त्याचे जेट बदलले जातात. पुष्कळदा खरं कारण असतं इग्निशनच्या टायमिंगमध्ये. ठिणगी पडते, पण वेळेवर पडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या गाडीत करण्यासारखी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुधारणा म्हणजे तिचं टायमिंग अचूक करणं आणि ते अचूक राहील अशी सोय करणं. नवा सुटा भाग विकत घेण्याचा विचार त्यानंतरचा.

ठिणगी आधी का टाकावी लागते?

पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये एका झटक्यात फुटत नाही. प्लगच्या टोकाशी ज्योत तयार होते आणि तिथून पसरत जाते. तिला सगळं मिश्रण पेटवायला काही सहस्रांश सेकंद लागतात. दरम्यान क्रँकशाफ्ट फिरतच असते.

पिस्टन अगदी वर, म्हणजे टॉपला असतो तेव्हा कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एका सरळ रेषेत असतात. त्या क्षणी पिस्टनवर कितीही दाब आला तरी क्रँक फिरत नाही, नुसता बेअरिंगवर भार पडतो. क्रँक थोडी पुढे सरकली की तरफेचा जोर मिळू लागतो. म्हणून सिलिंडरमधला दाब टॉपनंतर साधारण 15 अंशांवर शिखराला पोचला, तर इंजिनला त्यातून सर्वांत जास्त काम मिळतं. सगळा हिशेब या एका बिंदूपासून मागे मोजायचा.

इंजिन मिनिटाला 750 फेऱ्यांनी निवांत चालू असताना क्रँक एका सहस्रांश सेकंदात साडेचार अंश फिरते. आयडलिंगला मिश्रण विरळ असतं, त्यात जुन्या जळालेल्या वायूंची भेसळ असते, म्हणून ज्योत सावकाश पसरते. तिला पाच सहस्रांश सेकंद लागले असं धरलं, तर तेवढ्यात क्रँक 22 अंशांच्या आसपास फिरली. दाबाचं शिखर टॉपनंतर 15 अंशांवर हवं असेल तर ठिणगी टॉपच्या आधी सात-आठ अंशांवर पडायला हवी. आता तेच इंजिन 4,500 फेऱ्यांवर न्या. एका सहस्रांश सेकंदात क्रँक 27 अंश फिरते. आत येणाऱ्या मिश्रणाची खळबळ वाढल्यामुळे ज्वलन वेगाने होतं, तरी ते 1.8 सहस्रांश सेकंदांत आटोपलं असं मानलं, तर तेवढ्यात 48 अंश उलटले. म्हणजे ठिणगी टॉपच्या आधी 33 अंशांवर टाकायला हवी.

हे आकडे समजुतीसाठी घेतलेले असले, तरी प्रत्यक्षातली इंजिनं याच्याजवळच असतात. दोन व्हॉल्व्हच्या जुन्या इंजिनांना आयडलिंगला पाच-दहा अंश आणि भरवेगात एकूण 28 ते 35 अंश ॲडव्हान्स, म्हणजे टॉपच्या तितके अंश आधी ठिणगी, लागतो. एकच ठरावीक आकडा लावून भागत नाही, वेगाप्रमाणे ठिणगी पुढे-मागे होत राहावी लागते.

हाताच्या दांडीपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत

सुरुवातीच्या मोटारींत हे काम चालकाच्या हाती असे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या स्टिअरिंगखाली डाव्या बाजूला एक छोटी दांडी होती. वेग वाढला की ती सरकवून ठिणगी पुढे घ्यायची आणि इंजिन हँडल मारून सुरू करण्याआधी पुन्हा मागे आणायची. कोणी ती मागे आणायला विसरला, तर पिस्टन वर पोचण्याआधीच मिश्रण पेटायचं आणि हँडल उलटं फिरून मनगटावर यायचं. हात मोडण्याचे असे अपघात त्या काळी सर्वांना ठाऊक होते.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी डेटन इथे बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची पद्धत उभी केली. 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांत ती आली. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या त्याच तत्त्वावर चालल्या. पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडरही त्यातल्याच.

पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे दोन संपर्कबिंदू, मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून बॅटरीचा प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरचा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो आणि ते क्षेत्र कोसळतं. त्या धक्क्याने बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब निर्माण होतो. रोटर तो एकेका प्लगच्या वायरला वाटून देतो. ठिणगी पडण्याचा क्षण म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण, हे सूत्र लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं. पॉइंटच्या समांतर बसवलेला कंडेन्सर प्रवाह झटकन तोडतो आणि पॉइंटवर ठिणग्या उडू देत नाही. तो बिघडला की पॉइंट काही दिवसांतच काळे पडतात, त्यांवर खड्डे पडतात.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन ठिणग्या लागतात. म्हणजे 3,000 फेऱ्यांना सेकंदाला शंभर. हे काम एक छोटी स्प्रिंग आणि फायबरचा इवलासा ठोकळा वर्षानुवर्षं करत असतात.

दोन वजनं आणि एक पडदा

वेगाप्रमाणे ठिणगी पुढे नेण्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजनं असतात. शाफ्ट वेगाने फिरू लागली की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे वळवतात. स्प्रिंगा त्यांना आवरून धरतात. बहुधा एक स्प्रिंग नाजूक आणि दुसरी जाड असते. जाड स्प्रिंग थोडी सैल बसवलेली असल्यामुळे वजनं काही अंतर फिरल्यावरच ती ताणली जाते. त्यामुळे सुरुवातीला ॲडव्हान्स भराभर वाढतो आणि नंतर संथपणे. या वाढीचा आलेख प्रत्येक इंजिनासाठी कारखान्याने ठरवलेला असतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्यातल्या पाच अंशांची किंमत क्रँकवर दहा अंश होते. आकडे वाचताना हा फरक लक्षात घेतला नाही तर मोठा घोटाळा होतो.

अनेक डिस्ट्रिब्युटरना व्हॅक्यूमची डबीही असते. ॲम्बॅसॅडरच्या लुकस जातीच्या डिस्ट्रिब्युटरला ती दिसते. हलक्या पायाने गाडी चालवताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, ते विरळ असतं आणि सावकाश जळतं. त्या वेळी इंजिनमधला शोष डबीतला पडदा ओढतो आणि ठिणगी आणखी काही अंश पुढे जाते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की शोष संपतो आणि हा जादा ॲडव्हान्स निघून जातो. पेट्रोलची बचत बरीचशी या पडद्यावर अवलंबून असते. पडदा फाटला तर गाडी चालत राहते, पण ॲव्हरेज घसरतं आणि का घसरलं ते लवकर उमगत नाही. तपासायची रीत सोपी आहे: डबीची नळी तोंडाने ओढून जीभ लावा. पॉइंटची प्लेट हलायला हवी आणि ओढ धरून राहायला हवी.

पेट्रोल बदललं, मग जुना आकडा कसा चालेल?

ठिणगी फार लवकर पडली, तर ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरच्या दूरच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक धातूचा आवाज येतो. सतत नॉकिंग चाललं तर पिस्टनची टाळू झिजते, रिंग तुटतात, हेड गॅस्केट जातं. पेट्रोल हे किती सोसू शकतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन.

केटरिंग यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना डिसेंबर 1921 मध्ये शिशाच्या एका संयुगाने नॉकिंग थांबतं असं आढळलं आणि पुढची अनेक दशकं जगभर शिसं मिसळलेलं पेट्रोल विकलं गेलं. त्याने माणसांच्या, विशेषतः मुलांच्या आरोग्याचं अपरिमित नुकसान केलं. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून ते देशभर बंद झालं, हे उत्तमच झालं.

जुन्या गाडीच्या मालकाने त्याचे परिणाम मात्र समजून घ्यायला हवेत. शिसं जुन्या मऊ व्हॉल्व्ह सीटवर थर धरून त्यांचं रक्षण करत असे. तो थर आता नाही. टायमिंग मागे असलं की ज्वलन उशिरापर्यंत रेंगाळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जास्त तापलेले वायू जातात आणि सीट लवकर खचते. म्हणजे सुरक्षित वाटतं म्हणून टायमिंग मागे ठेवणं आता पूर्वीपेक्षा जास्त महागात पडतं.

दुसरा बदल इथेनॉलचा. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्यांना हे नवं नाही. 2022 मध्ये पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल आलं आणि 2025 मध्ये वीस टक्के. वीस टक्के मिश्रणासाठी ऑक्टेन किमान 95 ठरवलेलं आहे. जुन्या गाड्यांची पुस्तकं छापली गेली त्या काळात आपल्याकडे 87 ऑक्टेनच्या आसपासचं पेट्रोल सर्रास विकलं जाई. त्या पेट्रोलला नॉकिंग होऊ नये म्हणून ठरवलेला आकडा आजच्या पेट्रोलला थोडा मागचा ठरू शकतो.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुना कार्ब्युरेटर जसाच्या तसा ठेवला तर मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं, म्हणजे त्यालाही ठिणगी थोडी आधी लागते. ते गाडी तापवतंही, म्हणून जेट तपासणं आणि इथेनॉलला टिकणाऱ्या रबरी नळ्या बसवणं हे काम टायमिंगच्या जोडीने करावं लागतं. सारांश, पुस्तकातला आकडा ही सुरुवातीची जागा समजा. तिथून पुढे दोन-तीन अंश सरकवून पाहायला हरकत नाही, मात्र मोजून आणि कान उघडे ठेवून.

टायमिंग लावण्याचा क्रम

टायमिंग हे सर्व्हिसिंगच्या साखळीतलं एक काम आहे आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी टॅपेट, मग प्लग, मग पॉइंटची गॅप, त्यानंतर टायमिंग आणि शेवटी कार्ब्युरेटर. पॉइंटची गॅप बदलली की पॉइंट उघडण्याची वेळ बदलते, म्हणून टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला तर केलेलं सगळं फुकट जातं. लुकसच्या पॉइंटला फिलर गेजने 0.35 ते 0.40 मिलिमीटर गॅप ठेवतात. इतर डिस्ट्रिब्युटरचं माप पुस्तकात पाहावं. पॉइंटवर खड्डे असतील तर फिलर गेज चुकीचं सांगतं, अशा वेळी पॉइंट नवे घ्यावेत.

सुरुवातीचं टायमिंग बल्बने लावता येतं. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येत असताना पुलीवरची खूण सांगितलेल्या अंशावर आणायची. 12 व्होल्टचा छोटा बल्ब डिस्ट्रिब्युटरला कॉइलकडून येणाऱ्या वायरच्या टर्मिनलला आणि बॉडीला जोडायचा, इग्निशन चालू करायचं, डिस्ट्रिब्युटरचा क्लँप ढिला करून तो हळूहळू फिरवायचा. बल्ब ज्या क्षणी लागतो, त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथे क्लँप आवळायचा. पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडर या दोघींचा फायरिंगचा क्रम 1-3-4-2 आहे. कॅप काढण्याआधी वायरींचा फोटो काढून ठेवलेला बरा.

खरी परीक्षा टायमिंग लाइटने होते. तिची क्लिप पहिल्या प्लगच्या वायरला लावली की प्रत्येक ठिणगीला ती चमकते आणि फिरती पुली स्थिर दिसू लागते. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. आयडलिंगला आकडा पाहा, मग वेग हळूहळू वाढवत दर पाचशे फेऱ्यांना खूण कुठे जाते ते लिहून ठेवा. खूण सुरळीत पुढे जात असेल तर वजनं मोकळी आहेत. ती अडखळत असेल, तर वजनं चिकटली आहेत किंवा स्प्रिंगा सैल झाल्या आहेत. एकाच वेगात ती थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरची शाफ्ट तिच्या बुशमध्ये झिजली आहे. हे काम करताना पंख्याचा पट्टा आणि पाती फिरत असतात, म्हणून सैल बाह्या, ओढणी आणि वायरी दूर ठेवा.

पुलीची खूण खरी आहे का, हेही एकदा पाहिलं पाहिजे. 130 मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर एक अंश म्हणजे जेमतेम 1.1 मिलिमीटर. कोणी दुसऱ्या इंजिनाची पुली बसवली असेल किंवा दोन भागांतल्या पुलीचं रबर सरकलं असेल, तर खूण दहा अंशांनी खोटं बोलू शकते. प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा बोल्ट लावून क्रँक हाताने दोन्ही दिशांना सावकाश फिरवा. जिथे जिथे ती अडते तिथे पुलीवर खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टॉप.

शेवटचा कौल रस्ता देतो. इंजिन पूर्ण गरम करून ओळखीच्या, वर्दळ नसलेल्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. नॉकिंग ऐकू आलं तर टायमिंग दोन अंश मागे घ्या आणि पुन्हा पाहा. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) गाड्यांतल्या लुकस डिस्ट्रिब्युटरवर यासाठी खाचांचं एक छोटं चाक असतं. त्याच्या अकरा टिचक्यांना एक अंश, इतकं बारीक काम त्यावर होतं. गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर अडखळला, तर सुरुवातीचं टायमिंग फार पुढे गेलं आहे, असं समजावं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन कधी आणि कसं?

पॉइंटचा मूळ दोष झिजण्याचा आहे. कॅमला घासणारा फायबरचा ठोकळा झिजत जातो, गॅप कमी होते आणि टायमिंग रोज थोडं मागे सरकतं. मालकाला ते जाणवत नाही, कारण घसरण अगदी हळू होते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा खरा फायदा इथे आहे. पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्युटरमध्येच चुंबकाचं कडं आणि सेन्सरचा मॉड्यूल बसतो, घासण्यासारखं काही उरत नाही, आणि लावलेलं टायमिंग लावलेल्या जागी राहतं. सकाळी गाडी लवकर सुरू होते, आयडलिंग स्थिर होतं. इंजिनची ताकद वाढते असं मात्र नाही. झिजलेल्या पॉइंटमुळे गेलेली ताकद परत मिळते.

हा बदल करण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. गाडीची अर्थिंग पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह; जुन्या ब्रिटिश गाड्यांत ती पॉझिटिव्ह असे आणि उलट जोडणी झाली की मॉड्यूल तत्क्षणी जळतो. कॉइलचा रेझिस्टन्स मॉड्यूलला चालणारा आहे का. बॅलास्टशिवाय चालणाऱ्या साध्या कॉइलचा तो तीन ओहमच्या आसपास असतो. प्लगच्या वायरी सप्रेशनच्या आहेत का. नुसत्या तांब्याच्या वायरींमुळे सेन्सर गोंधळू शकतो. आणि वायरिंग जुनी असेल तर इग्निशन चालू असताना कॉइलपर्यंत पुरते व्होल्ट पोचतात का. शिवाय इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवू नये. त्याने कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापतात.

मॉड्यूल बसवला तरी वजनं आणि स्प्रिंगा जुन्याच राहतात. त्या झिजलेल्या असतील तर आलेख चुकतच राहील. म्हणून आधी डिस्ट्रिब्युटर उघडून साफ करा, बुश बदला, वजनांना तेलाचा थेंब द्या, पडदा तपासा. त्यापुढची पायरी म्हणजे पूर्ण नवा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर. नेदरलँड्समध्ये बनणाऱ्या 123 इग्निशनसारख्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनांऐवजी मायक्रोप्रोसेसर असतो आणि ॲडव्हान्सचे अनेक आलेख त्यात निवडता येतात, काहींत तर स्वतःचा आलेख भरता येतो. वीस टक्के इथेनॉलवर चालणाऱ्या जुन्या इंजिनासाठी ही सोय मोलाची आहे. पण ती महाग आहे, आणि जो आपल्या गाडीचा आलेख मोजून लिहून ठेवत नाही, त्याला तिचा उपयोग नाही.

मूळ भाग कधीही भंगारात देऊ नका. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून नोंदणी मिळते ती इंजिन, चॅसी आणि बॉडीत मोठे फेरफार नसतील तरच. डिस्ट्रिब्युटरमधला सेन्सर केव्हाही काढता येतो, म्हणूनच तो चांगला बदल आहे. जुने पॉइंट, कंडेन्सर आणि प्लेट एका डब्यात घालून डिकीत ठेवा. भर रस्त्यात मॉड्यूल गेला तर त्याला दुरुस्ती नसते. पॉइंट मात्र एक स्क्रूड्रायव्हर आणि फिलर गेज असलं की रस्त्याच्या कडेलाही बसवता येतात.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर या पावसाळ्याआधी किंवा नंतर एक काम करा. टायमिंग लाइट विकत घ्या किंवा मागून आणा, पुलीची खूण खरी करून घ्या, आलेख वहीत लिहा आणि ती वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या मेकॅनिकला आणि तुमच्यानंतर गाडी सांभाळणाऱ्याला तिचा उपयोग होईल. टायमिंग जाणणारे जुने मिस्त्री कमी होत चालले आहेत. त्यांच्याजवळ उभं राहून हे शिकून घ्यायची वेळ आत्ताच आहे.